प्युरिटन म्हणजे ‘कर्मठ’ की ‘सोवळे’?

शाईचा_डाग
एका दिवाळी अंकासाठी इंग्लंडच्या इतिहासावरचा लेख मराठीत आणतोय. इंग्लंडच्या चर्चमधून कॅथलिक रीतिरिवाज काढून टाकू पाहणारे प्रोटेस्टंट ते प्युरिटन. त्यांना मी ‘कर्मठ’ लिहिलं. संपादकांनी खोडून ‘सोवळे’ केलं आणि वर समासात शेरा मारला: एलिझाबेथ राणी प्रोटेस्टंट, हेही प्रोटेस्टंट, मग भांडण कसलं? शेऱ्याचं बघून घेईन. शब्द कुठला ठेवू?

माजघर
सोवळे अजिबात नको. आमची आजी मुकटा नेसल्याशिवाय चुलीजवळ जायची नाही. तो उंच दांडीवर काठीने वाळत घालायचा, कुणाचा हात लागता कामा नये. याला म्हणतात सोवळं. आणि या प्युरिटनांचं पहिलं मोठं भांडण नेमकं कपड्यावरूनच! उपासनेच्या वेळी पाद्र्याने पांढरा पायघोळ झगा घालायचा, असा हुकूम १५६६ मध्ये आला. पोपच्या चिंध्या आम्ही अंगाला लावणार नाही, म्हणून लंडनमधले कित्येक पाद्री अडून बसले आणि निलंबित झाले. सोवळं फेकणाऱ्यांना सोवळे कसं म्हणायचं?

धातुसाधित
मग कर्मठही बाद. कर्मकांडाला चिकटलेला तो कर्मठ. यांना कर्मकांडच नको होतं. १६०३ मध्ये जेम्स राजाला दिलेल्या अर्जात पाहा: बाप्तिस्म्यात क्रूसाची खूण नको, लग्नात अंगठी नको, येशूचं नाव आलं की मान लववणं नको. हिंदीतला कर्मठ म्हणजे कष्टाळू, तो चालला असता. ‘शुद्धिवादी’ लिहा.

बोरूबहाद्दर
शुद्धिवादी वाचलं की मला सावरकर आणि ‘महापौर’ आठवतात, त्याला काय करू? आणि तुमचा शब्द फार इस्त्रीचा आहे हो. प्युरिटन ही मुळात शिवी, विरोधकांनी चिकटवलेली. ‘आलाय मोठा सोवळा’ म्हणताना आपण जो सूर लावतो, तोच तिथे होता. संपादकांचा कान बरोबर आहे.

माजघर
सूर बरोबर, अर्थ उलटा. असला अनुवाद काय कामाचा?

नगरची_मी
शेऱ्याचं बघून घेईन म्हणता, पण खरी गोम तिथेच आहे. १५५९ च्या कायद्याने एलिझाबेथ राणीच चर्चची सर्वोच्च कारभारी झाली. तेव्हा झगा नाकारला की राणीचा हुकूम मोडला, सरळ हिशोब.

आमचं घर ख्रिस्ती, अमेरिकन मिशनचं. ते मिशनरी न्यू इंग्लंडच्या प्युरिटनांच्याच परंपरेतले, १८१३ मध्ये मुंबईत आले, १८३१ मध्ये नगरला. आम्ही इमारतीला चर्च म्हणतो आणि माणसांना ‘मंडळी’. मराठी बायबलात मंडळीला ‘वडील’ असतात, म्हणजे तिचा कारभार पाहणारे. बिशपच्या जागी शब्द आहे ‘अध्यक्ष’. कित्येक प्युरिटनांना बिशपऐवजी वडील हवे होते. आता बघा: बिशप नेमणार राजा. वडील ठरवणार मंडळी. १६०४ मध्ये हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात जेम्स म्हणाला, ‘बिशप नाही तर राजा नाही.’ त्याला बरोबर कळलं होतं. १६४६ मध्ये पार्लमेंटने बिशप रद्द केले आणि १६४९ मध्ये त्याच्या मुलाचं, चार्ल्स राजाचं, डोकं उडालं.

आणि गंमत म्हणजे, जेम्सने जे नवं बायबल करवून घेतलं, त्याच्या अनुवादकांना घालून दिलेला एक नियम असा, की जुने शब्द मोडायचे नाहीत, ‘चर्च’च्या जागी ‘मंडळी’ अर्थाचा शब्द वापरायचा नाही. आमच्या आजीच्या तोंडी रोज असलेला शब्द तिथे राजाने अडवला होता!

मांडवीपार
आमच्या गोव्यात चर्चला म्हणतात इगर्ज. पोर्तुगीज इग्रेजा, मूळ ग्रीक एक्लेसिया, म्हणजे जमलेले लोक. तुमच्या मंडळीने अर्थ उचलला, आम्ही आवाज उचलला.

धातुसाधित
वा! नगरताई, मग प्युरिटनांना तुमच्याकडे काय म्हणायचे?

नगरची_मी
काही नाही. आपण प्युरिटनांकडून आलो हे मला कॉलेजात कळलं. वडील मात्र कडक, रविवारी पत्ते बंद.

बोरूबहाद्दर
वडील म्हणजे मंडळीचे की तुमचे?

नगरची_मी
दोन्ही एकच होते, तेच तर दुखणं.

शाईचा_डाग
आभार मंडळी. ‘प्युरिटन’ तसंच ठेवलं, झग्याचा किस्सा घातला. पण संपादकांनी आता ‘ते चर्च’चं ‘ती चर्च’ केलंय.

माजघर
ते चर्च!

मांडवीपार
ती. इगर्ज ती, म्हणून चर्चही ती.

धातुसाधित
थांबा, आधी शुद्धिवादीतला ‘द्धि’ ऱ्हस्व हे तरी सगळ्यांना मान्य आहे ना?