‘आजी भडकली’ व्हिडिओबद्दल – सोसायटी ग्रुपवरची चर्चा

नीलिमा बी-३०२ (सकाळी ७:१२)
काल रात्री ११ वाजता या ग्रुपवर ‘आजी भडकली’ हा व्हिडिओ आला. सकाळी उठून बघते तर खाली ९ जणांच्या हसणाऱ्या इमोजी. निळ्या शालीतली ती आजी माझी आई आहे. शेजारी रडतेय ती माझी मुलगी सई. दोघींना तुम्ही रोज संध्याकाळी खाली बागेत बघता.

मनोज सी-४०४
अरे बापरे. कानटोपीमुळे ओळखलंच नाही.

साने काका ए-५०४
नीलिमा, व्हिडिओ मी टाकला. मनापासून माफी मागतो. आमच्या ऑफिसच्या जुन्या ग्रुपवर आला होता, मी तसाच पुढे ढकलला. आत्ता डिलीट करतो.

नीलिमा बी-३०२
काका, थांबा, आत्ता नको. मूळ कुठून आलाय ते शोधायचंय.

प्रज्ञा ए-३०३
मीही हसले होते गं. वाईट वाटतंय खूप. झालं काय नेमकं?

नीलिमा बी-३०२
सांगते. सूर्योदय बघायला पहाटे निघालो होतो. साडेतीनशे पायऱ्या. आईच्या गुडघ्याचं तुम्हाला माहीतच आहे, ऑपरेशननंतरची ही पहिली सहल. दर वीस पायऱ्यांवर टेकत टेकत चढली. वर कठड्यालगत जागा मिळाली तेव्हा इतकी खूश होती. तेवढ्यात चार मुलं आली. ट्रायपॉड, मोठा लाइट, ड्रोन. “आमचं शूट आहे, पाच मिनिटं सगळे मागे व्हा.” अंधारात तो लाइट सगळ्यांच्या डोळ्यांवर. लोक निमूट मागे झाले. आई खाली बसलेली, तिला पटकन उठता येईना. एकाने कॅमेरा थेट तिच्या तोंडासमोर आणला आणि “आजी, कुणाबरोबर पळून आलात?” म्हणाला. आई म्हणाली, बाळा, दम लागलाय, मला नको घेऊस. दोनदा म्हणाली. मग त्याने तिची काठी उचलली आणि माइकसारखी धरून नाचायला लागला. तेव्हा आई ओरडली.

व्हिडिओ बरोबर तिथून सुरू होतो. आधीचं सगळं कापलंय.

सूर्य वर आला तेव्हा मी त्या मुलाकडे काठी परत मागत होते. सूर्योदय आम्ही कुणीच बघितला नाही.

कर्णिक काकू बी-४०१
काठी उचलली??? म्हाताऱ्या बाईची?

श्रीकांत बी-१०३
वाईट झालं. पण भावना बाजूला ठेवून बोलायचं तर सार्वजनिक ठिकाणी शूटिंगला बंदी नाही.

सावंत सेक्रेटरी
सर्व सभासदांना विनंती, ग्रुप सोसायटीच्या कामापुरता वापरावा. आज टाक्यांची सफाई आहे. १० ते १ पाणी बंद. 🙏

नीलिमा बी-३०२
सावंत साहेब, काल रात्री व्हिडिओ आला तेव्हा हा नियम कुठे गेला होता? ९ इमोजींत एक तुमची आहे.

सावंत सेक्रेटरी
चुकून बोट लागलं. तरीही क्षमस्व.

मनोज सी-४०४
पाणी भरून ठेवा रे सगळ्यांनी, आज ग्रुपवर आग लागलीय.

प्रज्ञा ए-३०३
मनोज, आत्ता नको.

कर्णिक काकू बी-४०१
आम्ही जपानमध्ये क्योटोला गेलो होतो तेव्हा गिऑन भागात पाट्या बघितल्या. तिथल्या मैको, म्हणजे शिकाऊ गेइशा नर्तकी, कामाला निघाल्या की लोक कॅमेरे घेऊन मागे धावायचे, किमोनोला हात लावायचे. आधी २०१९ मध्ये खासगी गल्ल्यांत फोटो काढायला बंदी केली, तरी ऐकेनात. शेवटी २०२४ मध्ये त्या गल्ल्यांत पर्यटकांना शिरायलाच मनाई झाली. १०,००० येन दंड. आम्ही कॅमेरा बाहेरही काढला नव्हता, पण आम्हालाही बाहेरूनच परतावं लागलं.

प्रज्ञा ए-३०३
फुजी पर्वताचंही तसंच ना? एका दुकानामागे डोंगर छान दिसतो म्हणून त्या फुटपाथवर इतकी झुंबड, की मे २०२४ मध्ये गावाने अडीच मीटर उंच आणि वीस मीटर लांब काळा पडदाच लावला. हुल्लड करणारे थोडे, आणि डोंगर झाकला गेला सगळ्यांचा. केदारनाथलाही जुलै २०२३ मध्ये मंदिराच्या आवारात मोबाइल नेणं बंद केलं, कारण तिथे कुणीतरी लग्नाची मागणी घालतानाचा व्हिडिओ केला होता.

श्रीकांत बी-१०३
ते सगळे त्या त्या जागेचे नियम. नीलिमाताई जिथे गेल्या तिथे अशी पाटी होती का? नसेल तर सार्वजनिक ठिकाणी शूटिंगला बंदी नाही.

कर्णिक काकू बी-४०१
श्रीकांत, तुम्ही हे का म्हणताय ते आम्हाला कळतं. तुमच्या मुलाचा, रोहनचा ड्रोन गेल्या वर्षी गच्चीवरून उडून माझ्या बाल्कनीसमोर येऊन थांबला होता. तेव्हाही तुम्ही हेच ऐकवलं होतं.

श्रीकांत बी-१०३
काकू, तो विषय मीटिंगमध्ये संपलाय. ड्रोन २४९ ग्रॅमचा आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही.

कर्णिक काकू बी-४०१
मी वजन नव्हतं विचारलं. माझ्या बाल्कनीसमोर तो काय करत होता हे विचारलं होतं. उत्तर अजून आलेलं नाही.

मनोज सी-४०४
ड्रोनला पार्किंग मिळालं नसेल काकू. इथे गाड्यांनाच मिळत नाही.

देसाई सी-२०२
पार्किंगचा विषय निघालाच आहे तर सांगतो, माझ्या जागेवर परवापासून पांढरी गाडी उभी आहे. कुणाची आहे?

नीलिमा बी-३०२
देसाई, हात जोडते. गाडीचं नंतर.

नाना ए-१०२
श्रीकांतला ‘पाटी होती का’ याचं उत्तर देतो. ३५ वर्षं इतिहास शिकवला आहे, त्यामुळे थोडं लांबेल. १८९८ मध्ये जर्मनीचा माजी चॅन्सेलर बिस्मार्क वारला. त्या रात्री दोन फोटोग्राफर लपून त्याच्या खोलीत शिरले आणि मृतदेहाचा फोटो काढून विकायला निघाले. घरचे लोक कोर्टात गेले, कोर्टाने फोटो जप्त करवले. पण तेव्हा ‘माझा चेहरा माझा आहे’ असं सांगणारा कायदाच नव्हता. घरात घुसखोरी केली, या मुद्द्यावर निकाल द्यावा लागला. पुढे १९०७ मध्ये तिथे कायदा झाला, की माणसाचं चित्र त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करायचं नाही. त्याला अपवाद ठेवले आहेत. त्यातला एक असा, की निसर्गदृश्य टिपताना कडेला माणूस आला तर चालेल. म्हणजे डोंगराचा फोटो काढताना माणूस त्यात आला, तर ठीक. माणसालाच धरून फोटो काढला आणि मागे डोंगर होता, तर नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या लोकांना हा फरक कळला होता.

कर्णिक काकू बी-४०१
नाना 🙏 नीलिमाची आई डोंगराच्या कडेला आलेली नव्हती. तिलाच धरून आणलं.

श्रीकांत बी-१०३
नाना, आपण जर्मनीत राहत नाही. आपल्याकडे सार्वजनिक ठिकाणी शूटिंगला बंदी नाही.

वकील मॅडम ए-२०१
श्रीकांत, वाक्य अर्धं बरोबर आहे म्हणून तुम्ही ते तिसऱ्यांदा लिहिताय. सरसकट बंदी नाही, हे खरं. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यावरून रस्त्यावर कॅमेराच काढायचा नाही असं कुणी म्हणत नाही. पण नको म्हणणाऱ्या माणसाला घेरणं, त्याची वस्तू उचलणं आणि मग अर्धवट कापलेला भाग नाव ठेवून छापणं, हे ‘शूटिंग’ या एका शब्दात मावत नाही. शिवाय लहान मूल रडताना दिसतंय. नीलिमा, मूळ फाइल, स्क्रीनशॉट, तारीख, वेळ सगळं जपून ठेव. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे प्रत्येक प्लॅटफॉर्मला तक्रार निवारण अधिकारी नेमावाच लागतो. तिथपर्यंत जाता येतं.

रोहन बी-१०३
नीलिमाताई, मी रोहन. बाबांच्या फोनवर वाचत होतो, न राहवून लिहितोय. कोपऱ्यात अर्धवट लोगो आहे, त्यावरून चॅनेल सापडलं. लिंक तुम्हाला वेगळी पाठवली. इथे टाकत नाही, कारण इथे टाकली तर सगळे उघडून बघतील आणि त्यांचे व्ह्यूज वाढतील.

नीलिमा बी-३०२
मिळाली. थँक्यू रोहन.

रोहन बी-१०३
तक्रार अशी करायची. यूट्यूबवर ‘प्रायव्हसी’ची वेगळी तक्रार असते, साधं रिपोर्ट बटण नव्हे. जिचा चेहरा आहे तिनेच करायची असते, म्हणून फॉर्म आजींच्या नावाने भरा. सईसाठी पालक म्हणून तुम्ही करू शकता. कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला दिसतात ते लिहा, कपड्यांचं वर्णन लिहा. साधारणपणे व्हिडिओवाल्याला ४८ तास देतात. तेवढ्यात तो तुकडा कापू शकतो किंवा चेहरा धूसर करू शकतो. नाही केलं तर यूट्यूब स्वतः तपासतं.

साने काका ए-५०४
रोहन, एक विचारू? ही मुलं असं करतात तरी का? मी प्रामाणिकपणे विचारतोय.

रोहन बी-१०३
काका, मीही व्हिडिओ करतो म्हणून सांगतो. नुसता सूर्योदय लोक दहा सेकंद बघतात. भांडण असलं तर शेवटपर्यंत बघतात. शेवटपर्यंत बघितलेला व्हिडिओ पुढे आणखी लोकांना दाखवला जातो. म्हणून काही जण भांडण शोधतच फिरतात. शांत माणूस त्यांच्या उपयोगाचा नसतो, आजी ओरडल्या तेव्हा त्यांना हवं ते मिळालं. पुढे कुणावर अशी वेळ आली तर भांडू नका. कॅमेऱ्याकडे बघून एकदाच बोला, “माझी परवानगी नाही, मला यात घेऊ नका.” ते रेकॉर्ड होतं. चॅनेलचं नाव विचारून ठेवा. हे लोक आमचंही नाव खराब करतात. कुठेही ट्रायपॉड लावला की आता लोक आधीच रागाने बघतात.

आणि कर्णिक काकू, त्या दिवशी वाऱ्याने ड्रोन सरकला होता, तुमच्या बाल्कनीचं काही शूट झालं नव्हतं. पण मी वर येऊन तुम्हाला सांगायला हवं होतं. चुकलं माझं.

कर्णिक काकू बी-४०१
हे एक वाक्य वर्षभर ऐकायचं होतं मला. ये संध्याकाळी.

श्रीकांत बी-१०३
रोहन, ग्रुपवर लिहायच्या आधी मला विचारायचं.

प्रज्ञा ए-३०३
ड्रोनवरून आठवलं, २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात एका पाणथळ जागेत बंदी असताना उडवलेला ड्रोन पक्ष्यांच्या वसाहतीत पडला. हजारो कुररी घाबरून उडून गेल्या, परत आल्याच नाहीत. हजारावर अंडी तशीच पडून राहिली. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत तर २०१४ पासूनच ड्रोन बंद आहेत.

मनोज सी-४०४
मग सगळ्या व्लॉगवाल्यांवरच बंदी घाला, विषय संपला.

नीलिमा बी-३०२
नाही मनोज. त्या पायऱ्या साडेतीनशे आहेत, मध्ये बसायला चार ठिकाणी बाक आहेत, कठडा धरून चढता येतं, हे मला एका व्लॉगवरूनच कळलं होतं. एका मुलीने केलेला साधा व्हिडिओ. तो बघून आईला न्यायचं धाडस केलं. तिच्या व्हिडिओत मागे माणसं आहेत, पण सगळी पाठमोरी.

श्रीकांत बी-१०३
एवढंच म्हणणं आहे की सार्वजनिक ठिकाणी

श्रीकांत बी-१०३
मेसेज चुकून अर्धा गेला. असो. नीलिमाताई, आईंच्या काठीला काही झालं नाही ना?

नीलिमा बी-३०२
रबराचं बूच निघून पडलंय. बाकी ठीक.

श्रीकांत बी-१०३
माझ्याकडे नवीन बूच आहे, आमच्या आईच्या काठीचं. रोहनबरोबर पाठवतो.

देसाई सी-२०२
पांढरी गाडी अजून तिथेच आहे.

सावंत सेक्रेटरी
पाणी दीड वाजता सुरू होईल. अर्धा तास उशीर आहे, सहकार्य करावे. 🙏

नीलिमा बी-३०२ (तिसऱ्या दिवशी, रात्री ९:४०)
कळवते. त्या चॅनेलने आईचा आणि सईचा भाग कापला, वरचं चित्रही बदललं. फॉर्म आईने शेजारी बसून स्वतः सांगितला, मी टाइप केला. ‘कपड्यांचं वर्णन’ आलं तेव्हा म्हणाली, लिही, निळी शाल, ह्यांनी आणलेली.

पण फाइल फिरतेच आहे. आज मावशीला तिच्या भिशीच्या ग्रुपवर आली. तिनेही आधी ओळखलं नाही.

साने काका ए-५०४
नीलिमा, मी हा व्हिडिओ आणखी चार ग्रुपवर टाकला होता. चारही ठिकाणी लिहिलं, की ही आमच्या सोसायटीतली आजी आहे, तिची काठी हिसकावली होती, कृपया काढून टाका. दोन ठिकाणी काढला. एका ठिकाणी कुणी उत्तर दिलं नाही. ऑफिसच्या ग्रुपवर अजून हसतायत, तिथे मी उद्या परत लिहिणार आहे. इथला आता डिलीट करू का?

नीलिमा बी-३०२
हो काका. करा आता.

साने काका ए-५०४
_हा मेसेज डिलीट केला आहे_

कर्णिक काकू बी-४०१
नीलिमा, तीन दिवस आई बागेत आल्या नाहीत.

नीलिमा बी-३०२
खाली नको म्हणते. सगळ्यांनी बघितलंय, म्हणते. शाल कपाटात मागे ठेवून दिली आहे.

कर्णिक काकू बी-४०१
मग उद्या पाच वाजता मीच वर येते. गुडघ्यांच्या गप्पा मारायला मला त्यांच्याशिवाय कुणी नाही.