खपली धरते, येते की बसते? आणि जखम ‘सुकते’ की ‘भरते’?

प्रश्न

गावातल्या आशाताईंसाठी एक माहितीपत्रक मराठीत लिहिते आहे. मूल पडलं, गुडघा खरचटला, तर घरी काय करायचं एवढाच विषय. ‘खपली’ या शब्दाबद्दल शंका नाही, पण तिचं क्रियापद कोणतं? धरते, येते, बसते? आणि शेवटी जखम ‘सुकली’ लिहू की ‘भरून आली’?

पहिलं उत्तर

जखम खपली धरते. ‘खपली आली’ही चालेल. ‘बसली’ मी तरी ऐकलेलं नाही.

खरी काळजी पुढच्या क्रियापदांची घ्या. खपली निघते किंवा पडते, आणि खपली काढतात. सोलपटलेल्या जागी रक्त साकळतं, वर लस पाझरते, ते सगळं वाळून कडक होतं, ती खपली. तिच्याआड कडेकडून नवी कातडी आत सरकत असते. ती जुळून आली की खपलीच्या कडा सुटतात आणि ती आपसूक पडते. त्याआधी नखाने उचकटली तर कोवळी कातडीही तिच्यासोबत येते आणि पुन्हा रक्त. जुन्या दुःखाचा विषय काढणाऱ्याला आपण ‘खपली काढू नकोस’ म्हणतो ते याच अर्थाने. म्हणून पत्रकात ‘खपली निघेपर्यंत’ लिहा, ‘काढेपर्यंत’ नको. वाचणारा शब्दशः घेतो.

दुसरं उत्तर

ताई, मी परिचारिका आहे. ‘सुकली’ हा शब्द कृपा करून टाळा. बोलताना तो ‘बरी झाली’ याच अर्थाने येतो, हे खरं. पण आया तोच सल्ला समजतात: जखम सुकवायची, पावडर टाकायची, उघडी ठेवून वारा द्यायचा. हळदही त्यासाठीच भरतात, आणि मग आतली घाण दिसत नाही.

जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांच्या उथळ जखमांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. झाकून ओलसर ठेवलेल्या जखमांवर नवी कातडी उघड्या, खपली धरलेल्या जखमांपेक्षा साधारण दुप्पट वेगाने आली. कोरड्या, टणक खपलीखालून पेशींना वाट काढावी लागते. म्हणून आता सांगतात ते असं: वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवा, भोवतीच्या कातडीला साबण लावा, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या, वर पट्टी. पट्टी रोज बदला, भिजली किंवा मळली तर लगेच. ओलसर म्हणजे ओलीचिंब नव्हे, हेही लिहा.

‘भरून आली’ हाच शब्द ठेवा. शरीर आत जे करतं तेच तो सांगतो.

प्रश्नकर्ती

मग आधीच खपली धरली असेल तर?

दुसरं उत्तर, पुढे

तर तिला हात लावायचा नाही. आंघोळ चालते, घासायचं नाही, टिपून कोरडं करायचं. भरत आलेल्या जखमेला कंड सुटतो, मुलं झोपेतही खाजवतात. नखं कापा, जेली लावा, रात्री पट्टी बांधा.

‘पिकली’ आणि ‘चिघळली’ हे दोन्ही शब्द मात्र ठळक हवेत. आत पू झाला की जखम पिकते. भरायची सोडून पसरत, बिघडत गेली की चिघळते. खपलीभोवती लाली पसरणं, ठसठस, गरम लागणं, ताप, यातलं काही दिसलं तर दवाखाना. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाची जखम असेल तर या खुणांची वाटही पाहू नये. माती, शेण, गंजलेला पत्रा असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं पहिल्याच दिवशी विचारायचं.

तिसरं उत्तर

दोन शब्दांची भर. खपली पडल्यावरची हुळहुळी गुलाबी कातडी म्हणजे वण नव्हे. तिथे पुढे काही महिने काळपट डाग राहू शकतो. ऊन लागू दिलं नाही तर तो लवकर फिका होतो. वण कातडीच्या खोल थरापर्यंत गेलेल्या जखमेचा, तो कायमचा. देवीचे वण म्हणतो तसा. साध्या खरचटण्याला ‘वण राहील’ असं लिहून आईला घाबरवू नका.

आणि ‘पोपडे’ खपलीच्या जागी वापरू नका. उन्हाने करपलेल्या पाठीचे किंवा भिंतीच्या रंगाचे पोपडे निघतात, त्यात रक्त साकळण्याचा संबंध नाही.

कांजिण्यांच्या पत्रकात याच शब्दावर शाळेचा निर्णय असतो: सगळ्या फोडांनी खपली धरेपर्यंत मुलाला घरी ठेवायचं. तिथे ‘खपल्या पडेपर्यंत’ लिहिलं तर मूल उगाच जास्त दिवस घरी बसतं.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. वाक्य असं केलं आहे: ‘जखमेने खपली धरली असेल तर ती आपोआप निघेपर्यंत काढू नका, खाली नवी कातडी भरून येत असते.’ ‘सुकणे’ सगळीकडून काढलं. हळदीबद्दल वेगळी ओळ घालते.