मदत हवी आहे: चार लेयरचा (तांब्याच्या चार थरांचा) सर्किट बोर्ड रेडिओ-गोंगाटाच्या चाचणीत २५० मेगाहर्ट्झला नापास, तिसरा लेयर ग्राउंड करू की सहा लेयरला जाऊ?

नमस्कार मंडळी,

दूध संकलन केंद्रावरच्या वजनकाट्याचे आणि फॅट मशीनचे आकडे सर्व्हरला पाठवणारा बोर्ड आम्ही दोघांनी मिळून बनवलाय. १०० बाय ८० मिमी, जाडी १.६ मिमी, चार लेयर, एसटीएम३२ एफ४ प्रोसेसर आणि आरएमआयआयवरचं (प्रोसेसर आणि नेटवर्क चिप जोडणारा इंटरफेस) इथरनेट. दोन केंद्रांवर सहा महिने विनातक्रार चाललाय, पण रेडिएटेड एमिशनच्या (बोर्डातून हवेत पसरणाऱ्या रेडिओ लहरींच्या) चाचणीला अडकलो. सिस्पर ३२ या मानकातल्या क्लास बीची (घरगुती वापराच्या उपकरणांचा कडक वर्ग) ३ मीटरवरची मर्यादा २५० मेगाहर्ट्झला ४७ डेसिबल, आमचे आले ५३. १५० ला काठावर पास, ३५० ला २ डेसिबल जास्त. बाकी सगळं शांत.

तिन्ही ५० च्या विषम पटी, म्हणजे हे आरएमआयआयच्या क्लॉकचं काम, एवढं कळतंय. हा क्लॉक प्रोसेसरच्या एमसीओ (क्लॉक बाहेर देणाऱ्या) पिनमधून निघतो, वरच्या लेयरवर १५ मिमी जातो, मग व्हायातून (लेयर जोडणाऱ्या छिद्रातून) चौथ्या लेयरवर उतरतो आणि ४० मिमी जाऊन फायपाशी (इथरनेटच्या चिपपाशी) पुन्हा वर येतो. दुसरा लेयर अखंड ग्राउंड आहे म्हणून मी निर्धास्त होतो. तिसरा लेयर पॉवरचा, ३.३, ५ आणि १२ व्होल्टच्या तुकड्यांत कापलेला. काल गर्बरमध्ये (बोर्ड बनवायला देतात त्या फाइल्समध्ये) तिसरा आणि चौथा लेयर एकावर एक ठेवून पाहिले, तर क्लॉक नेमका ३.३ आणि १२ मधल्या फटीवरून आडवा गेलाय. वर असताना परतीचा करंट ट्रेसच्या बरोबर खालून येतो, हे समजतं. खाली उतरल्यावर तो कुठून येतो?

आणखी एक. १२ व्होल्टच्या सव्वा मीटर केबलवर फेराइट (गोंगाट शोषणारं चुंबकीय कडं) लावला की ५३ चे ४९ होतात. पण तेवढ्यावर पास होत नाही, आणि झालो असतो तरी फेराइटवर वेळ मारून नेणं मला पटत नाही. बोर्ड पुन्हा काढायला पैसे एकदाच आहेत. तिसरा लेयरही ग्राउंड केला तर भागेल, की सहा लेयर लागतीलच? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

सहा लेयरची घाई करू नका. तुमचं निदान बरोबर आहे, फक्त एक दुवा राहिलाय.

क्लॉक खाली उतरला की परतीच्या करंटला दुसऱ्या लेयरवरून तिसऱ्यावर उडी मारावी लागते. १.६ मिमीच्या नेहमीच्या चार लेयर बोर्डात या दोघांमध्ये मिलिमीटरभर कोअर (इन्सुलेशनचा थर) असतो. तिथली प्लेनची (तांब्याच्या सलग पत्र्यांची) कपॅसिटन्स चौरस सेंटिमीटरला जेमतेम साडेतीन पिकोफॅरड. राहिले १०० नॅनोफॅरडचे डिकपलिंग कपॅसिटर (पॉवर आणि ग्राउंडमध्ये लावलेले). पण पॅड आणि व्हाया धरून एक नॅनोहेन्री इंडक्टन्स मोजलं तरी २५० मेगाहर्ट्झला दीड ओहम होतात, आणि तेही कपॅसिटर शेजारी असेल तर. त्यात पुढे ती फट. त्यामुळे करंट लांबून वळसा घेतो, प्लेनवर थोडं व्होल्टेज उभं राहतं आणि ते केबलला ढकलतं. केबलमध्ये पाचेक मायक्रोअँपिअर कॉमन मोड करंटही (केबलच्या सगळ्या तारांतून एकाच दिशेने वाहणारा) क्लास बीला नापास करायला पुरतो.

बोर्ड काढण्याआधी दोन गोष्टी करून पाहा. एमसीओ पिनचा जीपीआयओ स्पीड (पिन किती झटकन वर-खाली होते ती सेटिंग) कोडमध्ये बहुधा 'व्हेरी हाय' असेल. 'हाय' करा, ५० मेगाहर्ट्झला तो पुरतो. क्लॉकची चढती-उतरती कड मंदावली की वरच्या हार्मोनिक्स (क्लॉकच्या पटीतल्या लहरी) आपोआप उतरतात. दुसरं, खालच्या क्लॉकवर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी इन्सुलेटिंग टेप), त्यावर तांब्याची पट्टी, आणि पट्टीच्या दोन्ही टोकांना मास्क (बोर्डावरचा रंगाचा थर) खरवडून ग्राउंडला सोल्डर. २५० चं पीक (आलेखातलं टोक) खाली आलं तर निदान पक्कं.

नव्या बोर्डात फाय प्रोसेसरजवळ आणा आणि क्लॉक वरच्याच लेयरवर संपवा. हे जमलं तर निम्मं काम झालं. तिसरा लेयर ग्राउंड करा, पॉवर चौथ्यावर रुंद तांब्यातून फिरवा. जो सिग्नल लेयर बदलेल त्याच्या व्हायाशेजारी एक ग्राउंड व्हाया हवीच, मिलिमीटरभर अंतरात. ३३ ओहमचा सिरीज रेझिस्टर एमसीओ पिनला चिकटून, फायच्या टोकाला नको.

धागालेखक

मनापासून धन्यवाद! कोअॅक्सची बारीक लूप बनवून टायनीएसएवर (छोट्या स्पेक्ट्रम अॅनालायझरवर) पाहिलं. स्पीड बदलल्यावर २५० चं पीक ३ डेसिबलने उतरलं. पट्टी लावल्यावर आणखी ६. एका बाजूचा सोल्डर सोडवला की पुन्हा चढतं, हे तीनदा करून पाहिलं. लूपवरचे डेसिबल जसेच्या तसे ३ मीटरवर मिळणार नाहीत हे मान्य, पण परतीची वाट कुठे तुटली होती ते दिसलं.

फाय २२ मिमीवर आणता येतोय, क्लॉकला व्हाया लागतच नाही. चार लेयरच ठेवतो. आता एकच अडलंय: १२ व्होल्टच्या बक कन्व्हर्टरचा (व्होल्टेज उतरवणाऱ्या सर्किटचा) इनपुट कपॅसिटर आयसीपासून ८ मिमीवर आहे. १५० च्या काठावरच्या पीकमध्ये त्याचाही हात असेल का? त्या भागाचं लेआउट रात्री इथे टाकतो, नजर घालाल का?