साडेतीनशे युरो, नऊ युरोचं जेवण आणि आम्ही 'फुकटे'

लिफीकाठची
'फुकट वाटपाने समाज बिघडतो' या धाग्यावर तर्कटबुवांनी परवा आयर्लंडचा दाखला ठोकून दिला. थोडक्यात त्यांचं म्हणणं असं: कोविडात तिथल्या सरकारने लोकांना आठवड्याला ३५० युरो देऊन घरी लोळवलं, लोकांची कामाची सवय मोडली, आणि तिथे गेलेली आपली मंडळीही पंगतीत मांडी ठोकून बसली. उत्तर लिहायला घेतलं ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा काढतेय.

पंगतीत आम्ही होतो. पानात काय पडलं तेवढं सांगते.

नवरा डब्लिनमध्ये शेफ. १५ मार्च २०२०, रविवार. सरकारने पब बंद ठेवायला सांगितलं आणि दोन दिवसांत त्याच्या मालकानेही कुलूप घातलं. फ्रिजमधलं सामान सगळ्यांना वाटून दिलं. आमच्या वाट्याला चार किलो मश्रूम आणि क्रीमचा डबा. पगार आठवड्याला ५८० युरो होता, घरभाडं महिन्याला १६००. पीयूपीची, म्हणजे कोविडात काम गेलेल्यांना सरकार दर आठवड्याला द्यायचं त्या भत्त्याची, रक्कम आधी २०३ जाहीर झाली, आठवडाभरात ती ३५० झाली. अर्जात नाव, पीपीएस नंबर (आपल्या आधारसारखा), बँकेचं खातं, काम कधी सुटलं ते लिहायचं. संपलं. दाखला नाही, शिक्का नाही, 'साहेब जेवायला गेलेत' नाही. पैसे आले आणि भाड्यात गेले. मेच्या सुरुवातीला ५० लाखांच्या या देशात ६ लाख लोक त्या पैशावर होते. एवढे सगळे एका महिन्यात आळशी झाले का?

आणि 'फुकट' म्हणाल तर २०२० मधल्या रकमेवरचा कर जानेवारी २०२२ पासून चार वर्षांत करसवलतीतून कापून घेतला. दर महिन्याला पे-स्लिप बघून नवरा म्हणायचा, "पंगतीचं बिल आलं."

पैशाखेरीज जे झालं ते तर्कटबुवांच्या हिशोबात बसायचं नाही. मार्चच्या शेवटी आम्हाला घरापासून २ किलोमीटरची हद्द आणि सत्तरीपुढच्यांना घराबाहेर पाऊल टाकायची बंदी. 'कोकूनिंग' म्हणायचे त्याला. शेजारच्या आजी ८१ वर्षांच्या, एकट्या. पोस्टमन दार वाजवून मागे सरकून उभा राहायचा आणि काही हवंय का विचारायचा. काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, हेल्पलाइन होती. जीएए या देशी खेळांच्या संघटनेच्या गावोगावच्या क्लबांतली पोरं, एरवी हर्लिंग या हॉकीसारख्या खेळाच्या काठ्या घेऊन हिंडणारी, किराणा आणि गोळ्या दारात ठेवून जायची. पोस्टाने घरोघरी कोरी पोस्टकार्डं टाकली होती, तिकिटाची गरज नाही. आजींनी त्यातलं एक आम्हालाच पाठवलं, एका भिंतीपलीकडे. लिहिलं होतं: तुमच्याकडून रोज मश्रूमचा वास येतो, सगळं ठीक आहे ना?

तर्कटबुवा
ताई, मश्रूम वाचून गहिवरलो. मुद्दा मात्र जागेवरच आहे.

तुमच्या यजमानांचा पगार ५८०, मिळाले ३५०. ठीक. पण ज्याचा पगारच १८० होता त्यालाही ३५० मिळाले की नाही? २९ जूनपर्यंत सरसकट एकच दर होता. म्हणजे काम करण्यापेक्षा न करण्याला जवळजवळ दुप्पट भाव. याला मदत म्हणायचं की बक्षीस?

आपल्याकडे बघा. शिवभोजन थाळी १० रुपयांची ५ रुपये केली. माणूस उपाशी राहणार नाही एवढी सोय, लोळायची नाही. माझा भाऊ हडपसरला वर्कशॉप चालवतो. दोन महिने कुलूप, एक पैसा मिळाला नाही, तरी उभा राहिला. पोस्टकार्डाने पोट भरत नाही आणि कर्ज फिटत नाही.

गॉलवेचा_पोरगा
तो १८०वाला मीच. हजर आहे.

तेव्हा मास्टर्स करत होतो, रेस्टॉरंटमध्ये भांडी आणि नंतर भाज्या चिरणं. आठवड्याला १८ तास, तासाला १०.१० युरो. म्हणजे साधारण १८२. आणि हो, मला ३५० मिळाले. पहिल्यांदा खात्यात बघितले तेव्हा चुकून आले असं वाटून तीन दिवस हात लावला नाही.

खोटं बोलणार नाही. जूनमध्ये मॅनेजरने फोन केला, "१५ तास आहेत, येतोस का?" तेव्हा मनात गणित झालं. १५ तासांचे दीडशे, घरी बसलं तर साडेतीनशे. दोन दिवस विचार करून गेलो, कारण चौघांत एक खोली आणि त्या खोलीत आणखी एक आठवडा काढला असता तर खून पडला असता.

त्या साडेतीनशेचं काय केलं तेही सांगतो. फीचा हप्ता. बाबांची रिक्षा साताऱ्यात बंद उभी होती, तिकडून पैसे मागायची सोय नव्हती. परदेशी विद्यार्थी म्हणून मला वगळलं असतं तर कोणी हूं की चूं केलं नसतं. नाही वगळलं.

तर्कटबुवा
धन्यवाद. माझं काम तुम्हीच केलंत. "मनात गणित झालं."

गॉलवेचा_पोरगा
गणित झालं आणि मी कामावर गेलो, हे वाक्य तुमच्याकडे लोड झालं नाही वाटतं.

कोकणातून_कॉर्कात
तुमचं चालू द्या, पण आयर्लंडच्या कोविडाबद्दल धागा आणि नऊ युरोच्या जेवणाचा उल्लेख नाही? निषेध.

नवीन वाचकांसाठी: २९ जून २०२० ला पब उघडले, पण अट अशी की प्रत्येकाने किमान नऊ युरोचं 'भरपेट जेवण' घ्यायचं. म्हणजे विषाणू टेबलापाशी येणार, बिल बघणार, साडेआठ असेल तर चावणार. आमच्या गावातला पब नुसता पेयांचा. मालकाकडे स्वयंपाकघर नाही, सत्तर वर्षांत कोणी तिथे शेंगदाण्यापलीकडे काही खाल्लं नव्हतं. तो बंद. पलीकडचा चिकन विंग्ज तळायचा, तो चालू. हे का नाही सांगत, लिफीताई?

लिफीकाठची
कारण माझा मुद्दा पीयूपीचा आहे, पबचा नाही. असो. ते नऊ युरो कोविडात कोणी शोधून काढले नव्हते. मद्यपरवान्याच्या जुन्या कायद्यात 'भरपेट जेवण' होतंच, तेच उचलून लावलं. हेतू एवढाच की लोक बसून खातील, उभ्याने घोळका करणार नाहीत.

कोकणातून_कॉर्कात
हेतू! बसायला पावणेदोन तास मिळायचे. श्रावणी सोमवारी मित्राला उपास होता. त्याने नऊ युरोचा बर्गर मागवला, तो मी खाल्ला, त्याने बिअर घेतली. बिअर उपासाला चालते की नाही हा वेगळा धागा. पण कायद्याने त्याने जेवण 'घेतलं' की नाही?

शंकासुर
साबुदाण्याची खिचडी नऊ युरोला विकली तर भरपेट जेवण धरतील का? गंभीर प्रश्न आहे.

कोकणातून_कॉर्कात
वर दाण्याचा कूट जास्त घातला तर धरावंच लागेल. आणि सप्टेंबरात कहर झाला. कोणी काय खाल्लं त्याची नोंद पबवाल्याने २८ दिवस ठेवायची! गार्डा, म्हणजे इथला पोलीस, येऊन विचारणार, अमुक टेबलाने तमुक तारखेला लझान्या खाल्ला का?

तर्कटबुवा
हाहा. आणि असल्या सरकारचं कौतुक चाललंय इथे.

शंकासुर
डब्लिनचे नुसत्या पेयांचे पब तर २०२१ चा उन्हाळा येईपर्यंत बंद होते. बाहेरच्यांना सप्टेंबरात २१ तारखेला उघडायला दिलं, डब्लिनला नाही. काउंटीची सीमा ओलांडली की विषाणू मवाळ.

कोकणातून_कॉर्कात
आणि क्लिफ्डन गावच्या हॉटेलातलं प्रकरण विसरलात? १९ ऑगस्ट २०२०. आदल्याच दिवशी लोकांना नवे निर्बंध सांगितले आणि दुसऱ्या दिवशी पुढारी हॉटेलात गोल्फ सोसायटीच्या मेजवानीला ऐंशी-एक जण. नऊ युरोपेक्षा महाग असणार ते ताट.

लिफीकाठची
कृषिमंत्री डारा कॅलेरींनी राजीनामा दिला, युरोपियन कमिशनर फिल होगन यांनाही जावं लागलं. एका जेवणापायी. पुढे आयोजकांना कोर्टाने सोडलं हेही सांगते, नाहीतर उद्या तर्कटबुवा आणून आपटतील. आता मूळ विषयावर येऊ या का?

रात्रपाळी
बरं झालं कोणीतरी म्हणालं. इतका वेळ वाचतेय. बर्गर, खिचडी, लझान्या. एकालाही नर्स आठवली नाही.

मी मिरजेची, लिमरिकजवळ एका खाजगी नर्सिंग होममध्ये काम करते. एप्रिल २०२० मध्ये माझ्या मजल्यावरच्या २२ पैकी ९ खोल्या रिकाम्या झाल्या. कशा, ते लिहीत नाही. घरच्यांना आत येता येत नव्हतं, मी टॅब्लेट हातात धरून उभी राहायचे. प्रेतयात्रेला दहा माणसं. बाकी गाव रस्त्याच्या कडेला अंतर सोडून उभं राहायचं आणि गाडी पुढे गेली की टोपी काढायचं. ते मात्र कधी विसरणार नाही.

२६ मार्चला रात्री आठ वाजता देशाने दारात येऊन आमच्यासाठी टाळ्या वाजवल्या. मी त्या ऐकल्या नाहीत, ड्युटीवर होते. पाळणाघरं १२ मार्चपासून बंद. आमच्या मुलांना सांभाळायला घरी माणूस पाठवण्याची योजना मे महिन्यात काढली आणि त्याच महिन्यात गुंडाळली. आणि बक्षिसाचे हजार युरो जाहीर झाले जानेवारी २०२२ मध्ये! मी एजन्सीतर्फे, म्हणून 'तुमची यादी वेगळी'. हातात पडायला पुढचं वर्ष उजाडलं. मला एकदा हजार, गॉलवेच्या पोराला दर आठवड्याला साडेतीनशे. राग त्याच्यावर नाही. पण हिशोब दिसतो ना डोळ्यांना.

तर्कटबुवा
रात्रपाळी ताई, मी पहिल्या प्रतिसादापासून हेच सांगतोय. राबणाऱ्याला टाळ्या आणि बसणाऱ्याला पैसे. तुम्ही एका परिच्छेदात सांगितलंत. धाग्याचा निकाल लागला असं मी समजतो.

रात्रपाळी
नका समजू. आणि माझ्या खांद्यावर बंदूक ठेवू नका.

माझा नवरा हॉटेलात नाइट पोर्टर होता. मार्चमध्ये काम गेलं. तुमच्या भाषेत घरी लोळणारा. पाळणाघर बंद, मुलं तीन आणि सहा वर्षांची. मी सकाळी आठला घरी येऊन अंगणातच कपडे बदलायचे, अंघोळ करून झोपायचे, आणि तो 'लोळणारा' दिवसभर दोन पोरं सांभाळून मला झोपू द्यायचा. टीव्हीवर आरटीईची (इथलं दूरदर्शन) शाळा लागायची, थोरल्याला ती बघायला बसवून धाकट्याच्या मागे पळायचा. ते साडेतीनशे नसते तर त्याने कुठल्यातरी गोदामात काम धरलं असतं आणि मला घरी बसावं लागलं असतं. मग त्या २२ खोल्यांत रात्री कोण फिरलं असतं? तुमचा भाऊ हडपसरहून?

तर्कटबुवा
भावाला मध्ये आणायची गरज नव्हती.

रात्रपाळी
तुम्हीच आणलात.

गॉलवेचा_पोरगा
+१. आणि शिवभोजनावर बोललात म्हणून: बाबा तीच थाळी दोन महिने खात होते. वाईट नव्हती. पण २०२१ च्या टाळेबंदीत परवानाधारक रिक्षावाल्यांना १५०० रुपये जाहीर झाले, तेव्हा फोनवर ज्या आवाजात सांगत होते तो थाळीच्या वेळचा आवाज नव्हता. थाळी घेताना रांगेत ओळखीचं कोणी दिसेल म्हणून रुमाल बांधून जायचे. मास्क तेव्हा सक्तीचा होता म्हणून बरं.

शंकासुर
पीयूपीत सगळं आलबेल होतं असंही नाही हं. ६६ पूर्ण झालेल्यांना मिळतच नव्हता. आमच्या गल्लीत ६७ वर्षांचा टॅक्सीवाला, रोज गाडी चालवणारा, त्याला 'तुम्हाला पेन्शन आहे ना' म्हणून वाटेला लावलं. गाडीचे हप्ते पेन्शनमधून फेडायचे? आणि लिफीताई 'दाखला नाही, शिक्का नाही' म्हणतात. जुलैमध्ये डब्लिन विमानतळावर समाजकल्याण खात्याचे लोक उभे राहून प्रवाशांना पीयूपीबद्दल विचारत होते की! काहींचे पैसे बंद केले, बोंब झाल्यावर नियम बदलला.

लिफीकाठची
टॅक्सीवाल्यांबद्दल मान्य. विमानतळाबद्दलही मान्य, लाज आणणारा प्रकार होता. विद्यार्थ्यांना पहिल्या दिवसापासून पगाराच्या प्रमाणात द्यायला हवं होतं का? कदाचित. पण सहा लाख पगारपत्रकं तपासत बसले असते तर पहिले पैसे दिवाळीला आले असते. आधी घाईत दिले, चुका नंतर निस्तरल्या. माझ्या घरमालकाने एप्रिलचं भाडं एप्रिलमध्येच मागितलं होतं.

तर्कटबुवा
ठीक आहे. 'लोळवलं' हा शब्द मागे घेतो. रात्रपाळी ताईंच्या यजमानांपुरता. गॉलवेकरांचा निम्मा.

सरसकट दर चूक होता असं अजूनही म्हणतो, आणि तीन महिन्यांनी सरकारनेच तो बदलला, म्हणजे त्यांनाही पटलं असणार. भावाला काल हा धागा वाचून दाखवला. तो म्हणाला, "मला कोणी दिले असते तर मी घेतले असते, तुला काय त्रास आहे?" त्याचं मत मी नोंदवून ठेवतो, मान्य करत नाही.

नऊ युरोचं मात्र कोणीच समाधानकारक उत्तर दिलेलं नाही.

कोकणातून_कॉर्कात
तेवढं एक तुम्ही बरोबर बोललात. पावती २८ दिवस जपून ठेवतो.