उपाशी पिल्लाला मासा भरवावा का?

सागरगोटा: न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिनजवळ पुकेकुरा (तायारोआ हेड) इथल्या नॉर्दर्न रॉयल अल्बाट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याच्या घरट्यावर 2016 पासून कॅमेरा आहे, घरबसल्या बघता येतो. पिल्लाचं वजन नेमाने घेतात आणि कमी भरलं की रेंजर मासे भरवतात. माझ्या मते हे चुकतंय. रानटी पिल्लू आहे, आईबाप आणतील तेवढं खाईल. या जातीचे सुमारे 99 टक्के पक्षी न्यूझीलंडच्या पूर्वेकडच्या चॅटम बेटांवर वाढतात, तिथे कोण भरवायला जातं? पुकेकुराची लगबग पर्यटकांसाठी.

खाडीकाठ: चॅटमचं चित्र इतकं गोड नाही. 1985 च्या वादळाने तिथल्या वसाहतींमधली माती आणि झाडोरा उडवून नेला. घरटं बांधायला काही उरलं नाही आणि उघड्या खडकावर अंडी फुटू लागली. 'कोणी हात लावत नाही' याचा अर्थ 'सगळं ठीक आहे' असा होत नाही.

पुकेकुरा तर मुख्य भूमीवर. स्टोट, फेरेट (मुंगसासारखे छोटे शिकारी प्राणी), मांजरं माणसानेच तिथे आणली. स्टोट तर सशांचा बंदोबस्त करायला. सापळे लावले नाहीत तर पिल्लू संपलंच. पक्षी-अभ्यासक लान्स रिचडेल यांनी 1930 च्या दशकात घरट्यांवर पहारा दिला, तेव्हा कुठे 1938 मध्ये पहिलं पिल्लू उडालं.

आणि माश्या! अंडं सुमारे 79 दिवस उबवलं जातं आणि जानेवारीच्या शेवटी, तिथल्या भर उन्हाळ्यात फुटतं. कवचाला पहिली चीर पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला काही दिवस लागतात. त्या चिरेत आणि ओल्या पिल्लावर माशी अंडी घालते आणि अळ्या पिल्लाला जिवंत पोखरतात. म्हणून चीर दिसताच अंडं इन्क्युबेटरमध्ये न्यायचं आणि घरट्यात नकली अंडं ठेवायचं, म्हणजे पक्षी बसून राहतो. पिल्लू कोरडं, घट्ट झालं की नकली अंडं काढून ते पोटाखाली सरकवायचं. वारा पडलेल्या गरम दिवशी घरट्यांवर पाण्याचे फवारे सोडतात, कारण हा पक्षी गार, वाऱ्याच्या समुद्राचा. यात पर्यटक कुठे आले?

सागरगोटा: माशी, सापळे, फवारे मान्य. भरवणं नाही. वजनासाठी उचललं की घाबरून पोटातलं ओकतं, म्हणजे आईने आणलेलं जेवण तुमच्या तपासणीपायी मातीत.

दुर्बीण: ओकतं, म्हणून तर उचलायची पद्धत आहे. पंख मिटून, पोटावर दाब न देता पिशवीत घ्यायचं, काट्यावर टांगायचं, लगेच परत. नुकतंच भरवलं असेल तर त्या दिवशी हातच लावायचा नाही. वजनही पोटातल्या मासळीने फुगलेलं येतं. एका वजनाला काही अर्थ नसतो. सलग आकडे घसरत असतील आणि पायातल्या ओळखीच्या कड्यांवरून एकच पालक येताना दिसत असेल, तरच काळजी.

पहिले पाच-सहा आठवडे एक पालक कायम घरट्यावर असतो. त्यानंतर दोघंही समुद्रावर, आणि खरा धोका तिथून सुरू होतो: त्यातला एक मासेमारीच्या लांब दोरीच्या गळाला लागून बुडाला, तर पिल्लाला निम्मंच मिळतं. दत्तक द्यायचं म्हणाल, तर ज्या जोडीच्या अंड्यातून पिल्लू निघालं नाही पण जी अजून नकली अंड्यावर बसलेली आहे, तिच्याकडेच देता येतं. ती वेळ गेली की उरतो मासा.

खाडीकाठ: भरवण्यातही चुका होतात. एकाने पिल्लू धरायचं, दुसऱ्याने चोच उघडायची (टोकाचा आकडा बोट फाडतो), मासा डोक्याकडून घशात सोडायचा. शेपटीकडून दिला तर माशाचे पर घशात अडकतात. घाईने जास्त कोंबला तर सगळा बाहेर.

कोकणकडा: वेळासला कासवाची अंडी उचलून हॅचरीत पुरतात, तेव्हा 'रानटी आहे, राहू द्या' कोणी म्हणत नाही.

सागरगोटा: कासवीण अंडी घालून निघून जाते. इथे आईबाप परत येतात, मग भरलेल्या पोटाचं पिल्लू त्यांच्याकडे मागेल कशाला? मागणं थांबलं तर आणणंही थांबेल. शिवाय घरटं फसलं तर जोडी पुढच्याच हंगामात पुन्हा अंडं घालू शकते. पिल्लू वाढवलं की मधलं वर्ष जातं. एक पिल्लू गेलं म्हणून जात बुडत नाही.

दुर्बीण: मागण्याचा मुद्दा खरा आहे, म्हणून तूट भरेल एवढंच द्यायचं, पोट तुडुंब करायचं नाही. आणि केव्हा थांबायचं हेही ठरलेलं असावं. मोठं पिल्लू आईबापांपेक्षा जड होतं आणि सप्टेंबरात, साधारण आठव्या महिन्यात, उडण्याआधी आपोआप हलकं होतं. ती घसरण पाहून कोणी मासे भरवले, तर जड पिल्लू कड्यावरून वाऱ्यावर उचललंच जाणार नाही.

सागरगोटा: म्हणजे ऑगस्टनंतर हात आखडता घ्यायचा. एवढं लिहून ठेवत असतील तर वजनाला माझी हरकत नाही. दोन्ही पालक जिवंत असताना भरवण्याला आहे, आणि ती राहील.