मदत हवी आहे: टोमॅटो, झुकिनी, वांगी एकदम आलीत आणि सगळ्याचं पाणी पाणी होतंय

परसातली:

नमस्कार मंडळी,

उन्हाळा सरत आलाय आणि परसातले वाफे अक्षरशः अंगावर आलेत. टोमॅटोची ७ रोपं लावली होती, जगतील तेवढी जगतील म्हणून. सातही जगली. झुकिनीचे वेल दोनच आहेत, पण चार दिवस तिकडे फिरकले नाही तर पानांखाली मनगटापासून कोपरापर्यंत लांब एक धूड लपलेलं सापडलं. शिवाय वांगी, काकड्या, फरसबी आहेतच. शेजाऱ्यांना वाटून झालं. आता मी पिशवी घेऊन निघाले की त्यांचं फाटक लागतं.

अडचण अशी की जे करेन त्याला पाणी सुटतं. २ किलो टोमॅटो चिरून, बिया आणि गर काढून, मोठ्या उभ्या पातेल्यात तासभर उकळले. सॉस पातळच राहिला, सालांच्या सुरळ्या वर तरंगायला लागल्या आणि चव अगदी मिळमिळीत. झुकिनीच्या चकत्या ओव्हनमध्ये भाजायला ठेवल्या तर ट्रेमध्ये तळं साचलं. त्यातच एक झुकिनी चक्क कडू निघाली. जास्त मीठ-मसाला घालून खपवावी का?

सॉस जमला नाही तरी टाकवत नाही, म्हणून लसूण, बेसिल आणि बरंच तेल घालून गरम गरमच ६ बाटल्यांत भरून फळीवर ठेवलाय. दिसतात फार छान. एकीचं झाकण जरासं फुगलंय, पण ते असो. आधी हे पाणी कसं आवरू ते सांगा.

जाड_बुडाचं_पातेलं:

ताई, पहिली चूक पातेल्याची. उभ्या पातेल्यात वाफ निघायला तोंड अपुरं पडतं. पसरट कढई घ्या, झाकण नको. त्याहून सोपं म्हणजे टोमॅटो अर्धे करून, चिरलेली बाजू वर ठेवून, मीठ आणि थोडं तेल लावून २०० अंशांवर पाऊण तास ओव्हनमध्ये ठेवा. पाणी तिथेच उडतं, कडा किंचित करपतात आणि साल दोन बोटांच्या चिमटीत अलगद उचलून येते. मग रवीने घुसळा, मिक्सर नको. मिक्सरमध्ये हवा भरून रंग फिका पडतो.

दुसरं म्हणजे बियांभोवतीचा तो बुळबुळीत गर टाकू नका. टोमॅटोची खमंग चव ज्या ग्लुटामेटमुळे येते ते बाहेरच्या मांसापेक्षा तिथे जास्त असतं. तुम्ही चव आधीच मोरीत ओतलीत आणि मग पाणी आटवत बसलात! आणि पिकलेले टोमॅटो फ्रीजमध्ये ठेवत असाल तर ते बंद करा, गारठ्याने चव मरते.

चिमूटभर:

झुकिनीत ९५ टक्के पाणीच असतं, ती तरी काय करणार. ते धूड उभं चिरा, मधला स्पंजासारखा भाग आणि जून बिया चमच्याने खरवडून काढा, उरलेलं किसा. किसाला मीठ चोळून २० मिनिटं चाळणीत ठेवा आणि मग स्वच्छ फडक्यात घेऊन पिळा. नुसतं दाबायचं नाही, ओला टॉवेल पिळतो तसं पिळायचं. मी मागच्या आठवड्यात एका धुडाचा कीस पिळला तर पेलाभर पाणी निघालं आणि कीस मुठीत मावला. मग त्यात अंडं किंवा पीठ घालून तव्यावर टाका, कडा कुरकुरीत होतात.

चकत्याच भाजायच्या तर ट्रे ओव्हनमध्येच आधी तापवा, २२० अंशांवर, आणि चकत्यांमध्ये बोटभर अंतर ठेवा. दाटीवाटीने ठेवल्या की त्या भाजत नाहीत, वाफवतात.

कडू झुकिनी मात्र खपवायची नाही. दुधी, काकडी, झुकिनी एकाच कुळातल्या. तो कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या विषारी द्रव्याचा असतो. शिजवून तो जात नाही आणि पोटाचे हाल करतो. शेंड्याचा तुकडा जिभेला लावून बघा, कडू लागला तर थुंका आणि अख्खी टाका.

मुरलेलं_लोणचं:

थांबा. सॉस घट्ट होईल नाहीतर राहील, त्या बाटल्यांचं आधी बघा.

परसातली ताई, ते झाकण फुगलंय याचा अर्थ आत काहीतरी वाढतंय आणि वायू सोडतंय. ती बाटली उघडू नका, चाखू तर अजिबात नका. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू मातीत असतात, तिथून लसूण-भाज्यांवर येतात आणि साध्या उकळीला मरत नाहीत. हवाबंद जागा आणि कमी आंबटपणा मिळाला की ते विष तयार करतात. त्याला वास किंवा चव असेलच असं नाही. सीमारेषा पीएच ४.६ ची (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका वर तितका आंबटपणा कमी). टोमॅटो तिच्या आसपासच असतो, काही तर वर जातात. त्यात तुम्ही आंबट नसलेला लसूण घातलात, बेसिल घातलं, वरून तेल.

फळीवर ठेवायचा सॉस वेगळ्या रीतीने करतात. तेल-लसणाशिवाय, अर्ध्या लिटरला एक मोठा चमचा बाटलीतला लिंबूरस (ताज्या लिंबाचा आंबटपणा कमीजास्त असतो), आणि भरल्यावर बाटल्या पाण्यात बुडवून तपासलेल्या पाककृतीत दिलाय तेवढा वेळ उकळणं. यात अंदाजपंचे चालत नाही. फरसबीसारख्या बिनआंबट भाज्यांना तर प्रेशर कॅनरच लागतो, म्हणजे दाबाखाली उकळीपेक्षा जास्त तापवणारं बाटल्यांसाठीचं भांडं.

तुमच्यासाठी फ्रीझर बरा. सॉस डब्यात भरा, वर दोन बोटं जागा सोडा, गोठताना फुगतो. वेळच नसेल तर टोमॅटो धुऊन अख्खेच गोठवा. नंतर नळाखाली धरले की साल आपसूक सुटते.

परसातली:

बाप रे. खरं सांगू? काल रात्री तीच बाटली उघडायला घेतली होती, म्हटलं चमचाभर चाखून बघू. झाकण घट्ट बसलं होतं म्हणून कंटाळून परत ठेवली.

काका, बाकीच्या पाच ठीक दिसतात. त्या फ्रीजमध्ये टाकल्या तर?

मुरलेलं_लोणचं:

बाहेर किती दिवस होत्या?

परसातली:

९.

मुरलेलं_लोणचं:

मग सहाही जाऊ देत. न उघडता दोन पिशव्यांत घट्ट बांधून कचऱ्यात टाका, कुत्र्या-मांजरांच्या हाती लागू नयेत अशा. ओटा आणि फळी ब्लीचच्या पाण्याने पुसा.

परसातली:

टाकल्या. जीव तुटला, पण टाकल्या.

आज पातेलंदादांनी सांगितलं तसे टोमॅटो भाजले. एका ट्रेचा जेमतेम दोन वाट्या सॉस झाला, पण चमचा उभा राहतो. थंड करून डब्यात भरलाय, वर तारीख लिहून थेट फ्रीझरमध्ये. फरसबी ३ मिनिटं उकळत्या पाण्यात आणि लगेच बर्फाच्या पाण्यात घालून गोठवली, हिरवीगार राहिलीये. झुकिनी पिळताना फडकं फाटलं, ते वेगळं.

वांग्यांबद्दल कोणीच काही बोललं नाही. १२ आहेत, आणि वेलावर... चुकले, झाडावर अजून फुलं दिसतायत.