मदत हवी आहे: गाणी आणि सिनेमा, दोन्हीसाठी एकच सिस्टीम

हॉल १२ बाय १४ फूट, घर भाड्याचं, म्हणजे भिंतीला ड्रिल नाही. सध्या टीव्हीला २.१ साउंडबार (डावा-उजवा आवाज आणि खर्जासाठी वेगळा सबवूफर) आहे. सिनेमात धमाके दणदणीत, संवाद मात्र पुटपुटल्यासारखे. गाण्यात तर डग्गा नुसता घुमतो, तबल्याची चाट हरवते. डायलॉग मोड लावला, सबवूफर कोपऱ्यातून हलवला, टीव्हीचा ऑडिओ पीसीएमवर (कॉम्प्रेस न केलेला डिजिटल आवाज) टाकला; फरक नावालाच.

बजेट ६० हजार. टीव्हीला एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनेच बाहेर देणारी सोय) आहे, ईएआरसी (तिचीच नवी, जास्त क्षमतेची आवृत्ती) नाही. सोफा भिंतीला टेकलेला, त्यामुळे मागचे स्पीकर बाद. सत्तर टक्के वेळ गाणीच (खालच्या मजल्यावर आजी-आजोबा राहतात, रात्री आवाज बेताचा).

एआरसीवाला स्टीरिओ अँप आणि दोन बुकशेल्फ (छोटे स्पीकर) घेऊ, की एव्ही रिसीव्हर (जास्त स्पीकर चालवणारा अँप) घेऊन सेंटर (संवादांसाठीचा मधला स्पीकर) नंतर जोडू? सेंटरशिवाय, हळू आवाजात, संवाद नीट कळतात का?